कारखाना घेतला, म्हणजे नक्की काय घेतले?



मागील अंकात आम्ही खोडव्यातील पाचट न जाळता कुजविण्याविषयी लिहिले होते. या अंकात सरीची रुंदी आणि बेणेप्रक्रिया यांवर लिहायचे ठरविले होते. परंतु गेल्या दीड-दोन महिन्यांत गटागटांतून फिरताना उसापेक्षा दुसरीच चौकशी जास्त झाली. "साहेब, शेजारचा कारखाना आपल्यात येणार म्हणतात, खरं का?" एका वस्तीवर तर उलटेच ऐकले, की आपलाच कारखाना कुणाला तरी चालवायला देणार म्हणे. चहा होईपर्यंत तिसऱ्याने सांगितले, विकलाच.

संचालक मंडळापुढे काय आहे आणि काय नाही, हे सांगणे आमच्या अधिकारात नाही. आम्हांला ते ठाऊकही नाही. पण ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. 'विकला', 'घेतला', 'चालवायला दिला' आणि 'विलीन झाला' हे चार शब्द आपण सगळे एकाच अर्थाने वापरतो. कागदावर त्यांचे अर्थ चार आहेत, आणि सभासदाचा शेअर, त्याची ठेव, उसाचे थकलेले बिल यांची गतही चार प्रकारची होते. म्हणून आमची पदविका शेतकीची असूनही, कारखान्याच्या कायदा सल्लागारांकडे तीन-चार वेळा बसून, समजले तेवढे येथे मांडतो.

सुरुवात मोहन्यापासून करतो, कारण आमच्या डोक्यात हा किडा तिथेच शिरला. आमच्या थोरल्या भगिनी कल्याणजवळ मोहने येथे राहतात. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने शहाड ओलांडले की पुढचे स्टेशन आंबिवली, तेथून मोहने जवळच. उल्हास नदीच्या काठचे हे गाव. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'एनआरसी', हीच या गावाची मोठी ओळख होती. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढणारा तो कारखाना. त्याची कॉलनी, शाळा, दुकाने, सगळा संसार त्या भोंग्यावर चाललेला. २००९ साली कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची देणी अडकली. पुढे प्रकरण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले, आणि अदानी समूहातील कंपनीची योजना मंजूर झाली. कामगारांच्या थकबाकीची निवेदने आणि आंदोलने त्यानंतरही चालूच राहिली.

एका लग्नाच्या निमित्ताने गेलो असता दाजी सहज म्हणाले, "अदानींनी कंपनी घेतली असं सगळे म्हणतात. पण घेतलं काय? जमीन घेतली, मशीन घेतलं, का माणसांची देणीपण घेतली?" दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले, त्या कारखान्याशी त्यांचा संबंध नाही. पण प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा. आम्हांला उत्तर देता आले नाही.

कायदा सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत सांगितले की, असल्या कराराची खरी कुस्ती किमतीच्या पानावर होत नाही. ती पहिल्या आठ-दहा पानांवर होते, जेथे 'या करारात पुढील शब्दांचा अर्थ असा समजावा' असे म्हणून यादी दिलेली असते. सामान्य माणूस ती पाने उलटून पुढे जातो. वकील मात्र तिथेच मुक्काम ठोकतात. 'उद्योग' म्हणजे काय, 'मालमत्ता' म्हणजे काय, 'देणी' कोणती, 'वगळलेली देणी' कोणती, 'कर्मचारी' कोण, 'हस्तांतरण दिनांक' कोणता. एकदा हे शब्द बांधले की पुढचा सगळा करार त्यांच्या मागे बैलगाडीसारखा चालतो.

यात तीन मुख्य वाटा आहेत. आपल्या व्यवहारातले दाखले देऊन सांगतो.

पहिली वाट शेअर विकत घेण्याची. येथे कंपनी आहे तशीच राहते, फक्त मालक बदलतो. घर तेच, कारभारी नवा. घराने सोसायटीचे कर्ज काढले असेल तर कारभारी बदलल्याने ते फिटत नाही. कंपनीचे करार, परवाने, कज्जे, कामगारांची नोकरी, सगळे जागच्या जागी. म्हणून येथे वकिलांचा भर 'ताबा' या शब्दावर असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीने २०११ साली जे नियम केले, त्यांत ताबा म्हणजे केवळ निम्म्याहून जास्त शेअर असे म्हटलेले नाही. बहुसंख्य संचालक नेमण्याचा हक्क, किंवा कारभार व धोरणाचे निर्णय हाती ठेवण्याचा हक्क, मग तो शेअरमुळे असो की एखाद्या करारामुळे असो, थेट असो वा आडून असो, तो ताबाच. ही व्याख्या शेतकऱ्याला पटकन कळेल. सात-बारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपण गावोगाव पाहतोच.

दुसरी वाट मालमत्ता किंवा चालता उद्योग विकत घेण्याची. येथे कंपनी जागेवर राहते, तिच्या हातातली वस्तू जाते. शेजाऱ्याचे इंजिन, बैलजोडी, उभे पीक घेतले, पण त्याची सावकारी देणी आपण घेतली नाहीत, असा हा प्रकार. काय काय घेतले याची यादी परिशिष्टात असते आणि यादीत जे नाही ते मिळाले नाही असे समजायचे. देण्यांचेही तसेच. यातच एक पोटप्रकार आहे, सगळा उद्योग एकगठ्ठा उचलण्याचा. १९६१ च्या आयकर कायद्यात त्याची व्याख्या केली होती: एखादा उद्योग, त्यातील एकेका वस्तूची किंवा देण्याची निराळी किंमत न लावता, ठोक रकमेला देणे. व्यापारी भाषेत उक्ते. उभा ऊस उक्ता देणे आणि काट्यावर टनाने देणे यांत जो फरक, तोच येथे. उक्त्यात बांधावरची चार नारळाची झाडे धरली की नाही, यावरून पुढे भांडण होते. म्हणूनच व्याख्या लागते.

तिसरी वाट विलीनीकरणाची. दोन घरांची एक चूल. एक कंपनी कायद्याने संपते आणि तिचे येणे-देणे, कोर्टातले दावे, माणसे, सगळे दुसरीत जाते. त्याच आयकर कायद्याने विलीनीकरण कशाला म्हणायचे यासाठी तीन खुणा सांगितल्या होत्या. सर्व मालमत्ता दुसरीकडे गेली पाहिजे, सर्व देणी गेली पाहिजेत, आणि मूल्याने किमान तीन-चतुर्थांश शेअर धारण करणारे भागधारक नव्या कंपनीचे भागधारक झाले पाहिजेत. ही तिसरी खूण आम्हांला फार महत्त्वाची वाटते. माणसे सोबत आली नाहीत तर ते विलीनीकरण नव्हे, तो सरळ सौदा.

मुंबईतले टॉमकोचे उदाहरण जुन्या सभासदांना आठवेल. 'हमाम', '५०१' साबण काढणारी टाटा ऑइल मिल्स ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली, तेव्हा टॉमकोच्या १५ शेअरांना लिव्हरचे २ शेअर असे प्रमाण ठरले होते. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९४ साली न्यायालयाने योजना कायम केली. भागधारकांनी मोठ्या बहुमताने प्रमाण मान्य केलेले होते, आणि टॉमकोच्या कामगारांची नोकरी अखंड समजून पूर्वीपेक्षा कमी नाहीत अशा शर्तींवर त्यांना घेण्याचे कलम योजनेतच होते. हे कलम मसुद्यात नसते तर वाद कसा गेला असता, ते सांगता येत नाही.

आता पुन्हा आंबिवलीकडे. एक स्टेशन अलीकडे शहाड, तेथे सेंच्युरी रेयॉन. तोही रेयॉनचाच धागा. त्याची कथा अगदी निराळी. २०१८ साली सेंच्युरी टेक्स्टाइल्सने तो धाग्याचा धंदा विकला नाही. ग्रासिम कंपनीला १५ वर्षांसाठी तो 'सांभाळण्याचा व चालविण्याचा हक्क' दिला. मालकी एकाची, चालक दुसरा. आणि त्याच सेंच्युरीने आपला सिमेंटचा धंदा मात्र वेगळा काढून अल्ट्राटेकला दिला, तो २०१९ साली. सेंच्युरीच्या ८ शेअरांमागे अल्ट्राटेकचा १ शेअर भागधारकांना मिळाला. म्हणजे एकाच घरातले एक शेत खंडाने दिले, आणि दुसऱ्याची वाटणी करून ते दुसऱ्या घरात घातले.

असे हे दोन शेजारी कारखाने. शहाडला कराराने हक्क दिला तेव्हा धंदा चालू होता. मोहन्याला सौदा झाला तो बंद पडून वर्षे लोटलेल्या कारखान्याचा, आणि तोही खाजगी कराराने नव्हे, तर न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेने. अशी योजना मंजूर झाली की ती सगळ्यांवर बंधनकारक होते: बँका, सरकार, कामगार, भागधारक. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा यांच्या प्रकरणात स्पष्टच सांगितले की, योजनेत ज्या देण्याचा समावेश नाही ते देणे मंजुरीच्या दिवसापासून संपले. घेणाऱ्याला 'कोरी पाटी' मिळावी हा हेतू. हेतू समजण्यासारखा आहे. बुडालेल्या कारखान्यात मागून देणी उपटत राहिली तर कोण हात घालील? परंतु ज्याने मुदतीत दावा दाखल केला नाही, किंवा ज्याचा दावा योजनेच्या व्याख्येत बसला नाही, त्याच्यासाठी ती पाटी फार लवकर पुसली जाते.

कंपनीचे विसर्जन झाले तर पैसे कोणाला कोणत्या क्रमाने, हेही त्या संहितेच्या ५३ व्या कलमात आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागील २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. सर्वांत शेवटी भागधारक. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीचा निधी यांना मात्र या वाटपात हात लावता येत नाही. आता २४ महिने मोजायचे ते विसर्जन सुरू होण्याच्या दिवसापासून मागे. ज्या गिरणीला टाळे लागून आठ-दहा वर्षे झाली, तिच्यात ते २४ महिने म्हणजे कोणते? काम चालू असतानाचे की टाळे असतानाचे? एका छोट्या शब्दावर किती कुटुंबांचे जेवण अवलंबून राहते ते यावरून दिसेल. दाजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढच्या खेपेस एवढेच दिले: जे योजनेत लिहिले तेवढेच घेतले.

चालू कारखाना हातबदल होतो तेव्हा कामगारांसाठी कायद्याने आधार ठेवला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील २५-एफएफ कलमाप्रमाणे उद्योग दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला भरपाई द्यावी लागे. मात्र नोकरी अखंड राहिली, शर्ती कमी झाल्या नाहीत आणि पुढे कामावरून कमी केल्यास जुन्या सेवेसह भरपाई देण्यास नवा मालक बांधील असला, तर ती द्यावी लागत नसे. त्याच धर्तीची तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. म्हणून हस्तांतरणाच्या करारात 'अखंड सेवा' हे दोन शब्द शोधावेत. असो, हा विषय कामगार बंधूंचा. त्यांची युनियन तो आमच्यापेक्षा चांगला जाणते.

आता आपल्याकडे येऊ. सहकारी कारखान्यात वरची पहिली वाट बंद आहे. शेअर गोळा करून कारखाना खिशात घालता येत नाही, कारण मत शेअरला नाही, माणसाला आहे. दहा शेअरवाल्यालाही एकच मत. उरतात त्या वाटा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या १७ व्या कलमात सांगितल्या आहेत: एकत्रीकरण, मालमत्ता व देण्यांचे पूर्ण किंवा अंशतः हस्तांतरण, विभाजन, रूपांतर. त्याला निबंधकांची पूर्वमान्यता लागते आणि त्यासाठीच बोलाविलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश बहुमत लागते. सभासद आणि धनको यांना नोटीस द्यावी लागते. पुढे सभासदाला मुभा असते, नव्या संस्थेत राहावे किंवा आपला भाग परत मागावा. येथे 'हजर राहून' हे शब्द पाहावेत. बारा हजार सभासदांपैकी सहाशे आले, तर त्या सहाशेंचे दोन-तृतीयांश म्हणजे चारशे. चहापाण्यापुरते येऊन लवकर उठणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

शिवाय लोकहितासाठी निबंधकांनी स्वतः एकत्रीकरणाचा आदेश देण्याची सोयही कायद्यात आहे, पण ती वाट वेगळी.

आणखी एक वाट आहे, तीत सभासदाला विचारलेच जात नाही. कर्ज थकले, तारण बँकेकडे गेले, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेने मालमत्ता लिलावाला काढली. राज्य सहकारी बँकेने आपल्या राज्यातले काही सहकारी कारखाने असेच विकले, हे सर्वांना माहीत आहे. असल्या लिलावाच्या जाहिरातीत ठरीव शब्द असतात, 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे'. घेणारा जमीन, इमारत, यंत्रे घेतो. संस्था घेत नाही. संस्था, तिचे सभासद आणि सभासदांची येणी मागे राहतात, ज्यांच्या हाती आता कारखानाच नाही. शेअरचे सर्टिफिकेट पेटीत तसेच असते.

आणि भाडेपट्टा. 'चालवायला दिला' म्हणतात तो हाच. शहाडच्या कराराचा हा आपल्याकडचा भाऊ. बहुधा ठरावीक वार्षिक भाडे आणि त्यावर गाळपाच्या टनामागे काही रक्कम असे ठरते, आणि त्यातला मोठा हिस्सा बँकेच्या हप्त्यात जातो. आमच्या मते अशा मसुद्यात सभासदाने तीन ठिकाणी बोट ठेवून अर्थ विचारावा.

एक, 'देणी'. त्यात मागील हंगामाचे ऊसबिल आहे काय? आपल्या बिलातून वर्षानुवर्षे कापलेली परतीची ठेव आहे काय? बिनपरतीच्या ठेवीचे काय? नावातच 'बिनपरतीची' असल्यामुळे ती देण्यांत धरायची की भांडवलात, यावर चांगले चांगले हिशेबनीस अडतात. मसुद्यात तिचे नाव घेऊन लिहिले नसेल तर ती हवेत राहिली असे आम्ही समजतो.

दोन, 'सभासदांचे हक्क'. सवलतीची साखर, ऊसतोडीचा क्रम, सभासदाचा ऊस आधी नेण्याची प्रथा, यांपैकी काही पोटनियमांत आहे, काही केवळ वहिवाटीने चालते. चालक नवा आला की पोटनियमांत असलेले हक्क दाखवता येतात, वहिवाटीचे दाखवता येत नाहीत. तोडणीच्या क्रमाबद्दल तर आमच्याच खात्याकडे रोज तक्रारी येतात, आणि त्यांतल्या निम्म्या खऱ्याही असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण आज निदान शेतकी ऑफिसात येऊन भांडता येते.

तीन, 'हस्तांतरण दिनांक'. हा शब्द दिसायला साधा, पण सगळ्यांत नडणारा. समजा तारीख १ जानेवारी ठरली. ऊस २० डिसेंबरला तुटला, काटा झाला, पावती मिळाली. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास १५ टक्के व्याज. चौदा दिवस भरतात ३ जानेवारीला. मग देणे जुन्याचे की नव्याचे? ऊस आला तो दिवस धरायचा, की पैसे देणे पडले तो दिवस? गोदामात साखर पडून आहे ती त्याच उसाची. ती 'मालमत्ता' म्हणून नव्याकडे गेली आणि तिचे बिल 'वगळलेली देणी' म्हणून जुन्याकडे राहिले, असेही होऊ शकते. यात कोणी लबाडी केली असेही म्हणता येणार नाही. दोन व्याख्या दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्या आणि एकमेकींशी जुळवून पाहिल्या नाहीत, एवढेच.

सल्लागारांनी दाखविलेला एक शब्दप्रयोग सांगतो, कारण त्यावर आम्ही बरेच हसलो. विकणारा हमी देतो, पण पुढे जोडतो, 'विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे'. आणि व्याख्येच्या पानावर 'माहिती' म्हणजे अमुक तीन अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष ठाऊक असलेले तेवढेच, असे बांधलेले असते. बाजारात दलाल सांगतो ना, "माझ्या माहितीप्रमाणे बैल मारका नाही." मारका असेल तर ते बैलाला माहीत.

असा एखादा मसुदा आपल्याकडे कधी आलाच, तर त्याची मराठी प्रत सभेच्या आधी सर्व गट ऑफिसांत वाचायला ठेवावी, अशी लेखी विनंती आम्ही कार्यकारी संचालकांकडे केली आहे. शब्द अडला तर आम्हांला विचारावे. आम्हांला अडला तर आम्ही सल्लागारांना विचारू.

जाता जाता खात्याची सूचना. आडसाली लागणीच्या नोंदी लागण होताच गट ऑफिसात द्याव्यात आणि नोंदीच्या पावतीवर गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख व उसाची जात स्वतः वाचून घ्यावी. मागील हंगामात आमच्याच खात्याकडून एका सभासदाच्या 'लागण' उसापुढे 'खोडवा' असे लिहिले गेले, आणि त्यामुळे त्यांच्या तोडीचा क्रम चुकला. पावती त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती, वाचली नव्हती. सरी आणि बेणेप्रक्रियेचा लेख पुढील अंकात.

— ऊसविकास अधिकारी